ब्रिटनशी करार झाला, म्हणून भेंडी वाढवावी का?

प्रश्न (मुरबाड तालुक्यातील भेंडी उत्पादक गट): २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. आमची भेंडी वाशीच्या निर्यातदारामार्फत लंडनला जाते. तिकडचं आयात शुल्क उतरलं तर भाव वाढेल ना? लागवड वाढवावी का? आणि उद्या परदेशी तांदूळ आला तर आमच्या भाताचं काय?

उत्तर: निव्वळ करारावर विसंबून एक गुंठाही वाढवू नका. शुल्क भरतो तिकडचा आयातदार. त्याचे पैसे वाचले तरी ते त्याच्या, निर्यातदाराच्या आणि विमानभाड्याच्या वाटेने झिरपत बांधापर्यंत येणार. म्हणून दर, प्रतवारी आणि नाकारलेल्या मालाची जबाबदारी हे तिन्ही लागवडीआधी कागदावर घ्या.

शुल्क शून्य झालं तरी तपासणी शून्य होत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं, ते मालात फळमाशी व इतर किडी सापडल्या म्हणून. ब्रिटन तेव्हा त्याच संघात होता. आंब्याची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. भाज्या त्यानंतरही बराच काळ अडकून राहिल्या.

भेंडीची खरी गोम तोड्यात आहे. तोडा एक दिवसाआड, मग फवारणी आणि तोडणीत अंतर ठेवायचं कुठे? ज्या औषधाच्या मालात उरणाऱ्या अंशाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. म्हणजे हजार टन भेंडीत १० ग्रॅम! क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची तिथली परवानगी २०२० मध्येच संपली. मोनोक्रोटोफॉस तर आपल्याकडेही भाजीपाल्यावर चालत नाही, तरी 'मारा हो, काही होत नाही' म्हणत बाटली हातात देणारे दुकानदार मी पाहिलेत. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा, किडकी फळं रोज तोडून नष्ट करा, सुरुवातीपासून ५ टक्के निंबोळी अर्क ठेवा. रासायनिक औषध मारावंच लागलं, तर लेबलवरचे प्रतीक्षेचे दिवस सरेपर्यंतचे तोडे निर्यातीच्या क्रेटमध्ये घालू नका.

भाताची काळजी तूर्त सोडा. जगात सर्वात जास्त तांदूळ विकणारा देश आपणच, आणि येणाऱ्या तांदळावर आपलं शुल्कही जबर आहे. भाव हलतो तो बहुतेकदा दिल्लीच्या निर्णयाने: बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलै २०२३ मध्ये बंद झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये खुली. श्रीमंत देशांचा डोळा आहे तो हमीभावाच्या खरेदीवर. जागतिक व्यापार संघटनेत विकसनशील देशाला पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत सरकारी आधार देता येतो, पण हिशेब धरतात १९८६-८८ च्या किमतींवर. इतक्या जुन्या मापाने मोजलं तर कोणीही दोषी ठरेल. २०१३ च्या बाली परिषदेतल्या 'शांती कलमा'मुळे (मर्यादा ओलांडली तरी इतर देशांनी तक्रार न करण्याची तरतूद) सध्या आपली खरेदी तगून आहे.

भेंडीची निर्यात नोंदणी करायची असेल तर सातबारा, फवारणीची वही आणि औषध दुकानाच्या पावत्या घेऊन तालुका कृषी कार्यालयात या. वही नसेल तर आधी कोरी वही घ्या आणि पुढच्या फवारणीपासून लिहायला लागा.