तीन हजारांतला नाताळ: आधी तारखा, मग खरेदी

ताई, विरारला दोन खोल्यांचे भाड्याचे घर, सात आणि दहा वर्षांची दोन मुले, यंदा घरात एकाचाच पगार, नऊ घरी भेट पाठवायची, आणि सजावट, भेटी व मुलांच्या वस्तू मिळून खर्च तीन हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे तुम्ही लिहिले आहे. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या वाळवलेल्या संत्र्यांच्या चकत्या आणि पाइनची बोंडे विकत घ्यायला गेले तर तीच महाग पडतात, हेही तुमच्या लक्षात आलेच आहे. मी वसईची आहे. गेली पंचवीसएक वर्षे आमच्या घरचा तारा, गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि फराळ घरीच होतो, तेव्हा अनुभवाने जे कळले ते जरा सविस्तर लिहिते.

हाताने केलेली वस्तू स्वस्त पडते, ही समजूत अर्धीच खरी आहे. वेळेवर सुरू केलेली वस्तू स्वस्त पडते. वीस डिसेंबरनंतर हात चालवायला घेतला की सामान मिळेल त्या भावाने आणावे लागते, अर्धे काम फसते आणि शेवटी तयार वस्तूही विकत आणावी लागते, म्हणजे खर्च दुप्पट होतो. म्हणून पैशांच्या हिशेबाआधी तारखांचा हिशेब करावा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवशी ताऱ्याचा सांगाडा बांधावा, पुढच्या आठवड्यात कागद लावावा, १४ डिसेंबरला गोठ्यासाठी नाचणी पेरावी, १५ ते १८ या दिवसांत पेरूच्या वड्या कराव्यात आणि २० तारखेला कलकल हा मैद्याचा गोड फराळ तळावा. एवढे पाळले तर बाकीचे आपोआप जमते.

सजावटीत सगळे लक्ष एका ताऱ्यावर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. झिरमिळ्या, चमकीचे गोळे, भिंतीवर चिकटवायच्या घंटा यांवर शंभर-दीडशे करत सातआठशे रुपये जातात आणि लहान घर उगाच भरल्यासारखे दिसते. दारातला एक मोठा तारा मात्र रस्त्यावरून दिसतो. दिवाळीचा आकाशकंदील करता येणाऱ्या माणसाला तारा अवघड नाही, कारण सामान तेच: बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. यात एक काटकसर अशी की, तुळशीच्या लग्नानंतर चाळीत पुष्कळ जण बांबूचे कंदील उतरवून टाकून देतात. त्यांच्याकडून ते मागून घ्यावेत. कामट्या वाळलेल्या आणि सरळ असतात. दिवाळीची दिव्यांची माळही शेजारणीकडून महिनाभर उसनी मिळते. मी ती दर वर्षी घेते आणि परत देताना सोबत फराळाची पुडी देते.

मापे नीट सांगते, कारण तारा वाकडा होतो तो मापे चुकल्यामुळेच. साठ सेंटीमीटर लांबीच्या दहा पातळ कामट्या घ्याव्यात आणि पाच-पाच कामट्यांचे दोन सपाट तारे बांधावेत. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून तेवीस सेंटीमीटरवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे मध्ये चौदा सेंटीमीटर उरतात. कामट्यांनी एकमेकींना याच खुणांवर छेद दिला पाहिजे. कामट्या एक वर, एक खाली अशा विणल्यासारख्या ओवाव्यात आणि छेदाची प्रत्येक जागा दोऱ्याने घट्ट बांधावी. मग दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोके जोडावीत, आणि आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत चौदा सेंटीमीटरच्या आडव्या काड्या अडकवून दोन ताऱ्यांमध्ये फुगवटा आणावा. या काड्या मुद्दाम चौदाच्याच ठेवायच्या, कारण तसे केल्याने कागदाचे वीसही त्रिकोण एकाच मापाचे होतात: पाया चौदा आणि दोन्ही बाजू तेवीस सेंटीमीटर. पुठ्ठ्याचा एक साचा कापला की दहा वर्षांचे मूलसुद्धा सगळे त्रिकोण कापू शकते. फक्त चिकटवण्यासाठी चारी बाजूंनी, म्हणजे खरे तर तिन्ही बाजूंनी, एक सेंटीमीटर कागद जास्त ठेवावा. मध्यभागासाठी चौदा सेंटीमीटर बाजूचे दोन पंचकोन वेगळे कापावे लागतात. सगळ्यासाठी पतंगाच्या कागदाचे तीन ताव पुरतात, आणि चौथा एखादा फाटला तर असावा म्हणून आणून ठेवावा.

खालच्या बाजूचा एक त्रिकोण उघडा ठेवून तिथून दिवा आत सोडावा आणि वायर कामटीलाच बांधावी. कागदावर तिचा भार येऊ देऊ नये. दिवा तीन ते पाच वॉटचा एलईडीच हवा. पूर्वी आम्ही साधा साठचा बल्ब लावत असू, आणि एका वर्षी वारा सुटल्यावर कागद बल्बला टेकून पिवळा पडला आणि मग त्याला भोक पडले. त्या रात्री मोठा अनर्थ टळला, एवढेच म्हणता येईल.

संत्र्याच्या चकत्यांचा नाद मात्र सोडावा. मी तो प्रयोग करून पाहिला आहे. कोरड्या हवेच्या देशांत त्या महिनाभर टिकत असतील, पण आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत चौथ्या दिवशी त्या चिकट होतात, त्यांना मुंग्या लागतात आणि कडेने बुरशी धरते. पाइनच्या बोंडांऐवजी सुरूची बोंडे वापरावीत. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर सुरूच्या झाडांखाली त्यांचा सडा पडलेला असतो आणि मुलांना ती गोळा करायला आवडतात. दोऱ्यात ओवून त्यांची माळ सुरेख दिसते, रंग द्यायचीही गरज नसते. ख्रिसमस ट्री म्हणून सुरूची फांदी कुंडीत रोवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण त्यासाठी उभ्या झाडावर कोयता चालवू नये. वाऱ्याने पडलेली फांदी शोधावी. थर्माकोल तर घेऊच नये, त्याच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

आता गोठ्याविषयी. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री जो देखावा उभा केला, त्यात गवताने भरलेली गव्हाण आणि खरेखुरे बैल व गाढव होते. आपल्या घरोघरच्या गोठ्यांची परंपरा त्या रात्रीकडे बोट दाखवते. तेव्हा गोठा साधा असण्यात कमीपणा मुळीच नाही. दुकानातला सगळा संच घेण्याऐवजी बाळ येशू, मरिया आणि योसेफ या तीनच मूर्ती विकत घ्याव्यात, कारण चेहरे घरी नीट जमत नाहीत आणि ओबडधोबड चेहऱ्यांपुढे प्रार्थनेला बसताना मन रमत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. मेंढ्या, बैल, गाढव आणि मेंढपाळ शाडूच्या मातीचे करावेत. गणपतीनंतर घरात किंवा शेजारी शाडू उरलेली असते, ती भिजवून पुन्हा वापरता येते. बोटभर उंचीच्या आकृत्या सावलीत चारपाच दिवसांत वाळतात. उन्हात ठेवल्या तर पाय तडकतात. मेंढीच्या अंगावर ओली असतानाच कापूस दाबून बसवला की रंगाचेही काम उरत नाही.

डोंगरासाठी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा तपकिरी कागद झटकून घ्यावा, चुरगळावा, पातळ खळीत बुडवून खोक्यांवर आणि उलट्या डब्यांवर पसरावा आणि ओला असतानाच त्यावर काव शिंपडावी. छपरासाठी पेंढा हवा. भाताची कापणी नुकतीच आटोपलेली असल्याने तो वसईच्या किंवा पालघरच्या कोणत्याही शेतकऱ्याकडे मूठभर मागितला तर पैसे कोणी घेत नाही.

नाचणीच्या हिरवळीवर मात्र लक्ष ठेवावे लागते. पावशेर नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड डोकावू द्यावेत, मग परातीत किंवा जुन्या ताटांत दोन बोटे माती घेऊन त्यावर दाट पसरावी. पहिले दोन दिवस वर ओले फडके झाकावे, नंतर उजेडात ठेवावे आणि रोज दोनदा हाताने पाणी शिंपडावे. तांब्याने ओतले तर दाणे एका बाजूला वाहून जातात. दहाएक दिवसांत दोनतीन बोटे उंचीची पोपटी हिरवळ तयार होते. काही जण गहू पेरतात, पण गहू भराभर उंच होतो आणि त्यात मेंढ्या दिसेनाशा होतात. आठ डिसेंबरच्या मरियामातेच्या सणाला पेरलेली नाचणी नाताळापर्यंत पिवळी पडून आडवी होते, म्हणून चौदा ही तारीख मी पक्की धरते.

मुलांसाठी एक जुनी रीत सांगते, तिला एक पैसाही लागत नाही. आगमनकाळात गव्हाण रिकामी ठेवायची आणि मुलाने दिवसभरात कोणाला मदत केली, हट्ट सोडला किंवा भांडण मिटवले की पेंढ्याची एक काडी त्याने स्वतः तिच्यात ठेवायची. चोवीसच्या रात्री बाळ येशूला निजवताना अंथरूण किती मऊ झाले ते सगळ्यांना दिसते. माझ्या धाकट्याने एका वर्षी शेवटच्या दिवशी मूठभर पेंढा एकदम कोंबला होता, ही गोष्ट वेगळी.

भेटींच्या बाबतीत पहिला बदल असा करावा की माणसे मोजू नयेत, घरे मोजावीत. नऊ घरांतली पंचवीस-तीस माणसे डोळ्यांसमोर आणली की कोणाला काय द्यावे या विचारानेच खर्च वाढतो. घराला एक डबा हा हिशेब आपल्या रीतीलाही धरून आहे, कारण नाताळच्या फराळाचे ताट शेजारी पाठवण्याची चाल वसईत आहे, गोव्यात आहे आणि अहिल्यानगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतही आहे. मात्र डब्यात सहा प्रकार घालण्याचा मोह टाळावा. दोनच पदार्थ करावेत आणि ते भरपूर करावेत.

पहिला पदार्थ पेरूच्या वड्यांचा. गोव्यात यांना पेराद म्हणतात. डिसेंबरात पेरू मुबलक आणि स्वस्त असतो. पिकलेले, पण लिबलिबीत न झालेले दोन किलो पेरू थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घासावेत, म्हणजे बिया वेगळ्या होतात. निघालेल्या गराच्या वजनाच्या पाऊणपट साखर आणि दोन लिंबांचा रस घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहावे. तासभर तरी लागतो आणि मिश्रण उडते, म्हणून लांब दांड्याचा उलथना आणि बाह्यांचा झगा असावा. गोळा कडा सोडून उलथन्याबरोबर फिरू लागला की दोन चमचे लोणी घालून तुपाच्या ताटात थापावे आणि दुसऱ्या दिवशी कापावे. कंटाळून दहा मिनिटे आधी उतरवले तर वड्या पडत नाहीत. एका वर्षी माझे असेच झाले आणि मी ते सगळे बरण्यांत भरून पेरूचा जॅम म्हणून वाटले. कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरा पदार्थ कलकल. एक किलो मैद्याला अर्धी वाटी गरम तुपाचे मोहन, सव्वा वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे नारळाचे दाट दूध घालून पीठ घट्ट मळावे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या, धुतलेल्या फणीवर दाबून गुंडाळावी आणि मध्यम आचेवर बदामी रंगावर तळावी. अंडे नसल्याने हे शाकाहारी शेजाऱ्यांनाही चालतात. तुमच्या चाळीत मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या बायका असतील, तर त्यांच्याकडचा डबा गुरुवारी सकाळी पाठवू नये, एवढे मात्र पाहावे.

गेल्या वर्षी माझ्या वहीत या दोन्ही पदार्थांचा खर्च, साखर, तेल, नारळ आणि लोणी धरून, सव्वासातशे रुपये झाला होता आणि त्यात नऊ घरांना पुरेल इतके होऊन घरात दोन डबे उरले. ताऱ्याला दोनशे आणि मूर्ती धरून गोठ्याला सहाशे लागले. म्हणजे तुमच्या तीन हजारांतले सुमारे पावणेपंधराशे रुपये हातात राहतात. डबे विकत घेऊ नयेत. कॉफीच्या आणि लोणच्याच्या बरण्या आतापासून धुवून, उन्हात ठेवून जमवाव्यात, झाकणावर जुन्या सुती साडीचा गोल तुकडा सुतळीने बांधावा. वड्या आणि कलकल एकाच बरणीत घालू नयेत, वड्यांच्या ओलाव्याने कलकल मऊ पडतात. वड्या वेगळ्या बटर पेपरमध्ये गुंडाळाव्यात.

राहिलेल्या पावणेपंधराशेंतून मुलांना त्यांनी मागितलेली एकेक वस्तू विकत आणावी. येथे मी घरगुती कलाकुसरीचा आग्रह धरणार नाही. सात वर्षांच्या मुलाला वर्गात सांगायला जी वस्तू हवी असते, तिची जागा आईने शिवलेली पिशवी घेत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मात्र किती रक्कम आहे ते आधी सांगून टाकावे आणि त्यातून काय घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. मुले आपल्याला वाटते त्याहून नीट हिशेब करतात.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाल्यावर ताऱ्याचा कागद ओल्या फडक्याने भिजवून काढावा आणि आतल्या पाच काड्या सोडवाव्यात, म्हणजे दोन्ही तारे सपाट होऊन पलंगाखाली मावतात. शाडूची जनावरे वर्तमानपत्रात गुंडाळून धान्याच्या कोरड्या डब्यात ठेवावीत. नाचणीची माती कुंडीत टाकावी.