सिनेमा बघ, पण नवऱ्याला शेजारी बसवून

‘सांगलीहून लग्न होऊन स्टुटगार्टला आले, आठ महिने झाले. नवरा ऑफिसला गेला की दिवसभर मोबाइलवर मराठी मालिका. तो म्हणतो, जर्मन सिनेमे बघ, भाषा सुधारेल. दहा मिनिटांत मला रडू फुटतं. माझ्यासारखीला धीर देणारे सिनेमे सुचवाल का?’
– एकटी, स्टुटगार्ट

रडू फुटणारच गं. समोरचे भराभर बोलतायत आणि आपल्या पदरात काही पडत नाही, हे तू बाहेर रोज सोसतेसच. घरी सोफ्यावर बसून पुन्हा तेच कशाला?

जर्मनच बघायचा तर ‘अल्मान्या’ (२०११) बघ. १९६०च्या दशकात कामासाठी जर्मनीत आलेल्या तुर्की कुटुंबाची गोष्ट. हे घरचे बोलतात ते प्रेक्षकांना नीट समजतं, आणि तिथल्या गोऱ्यांनी तोंड उघडलं की नुसती अगम्य बडबड! खुद्द जर्मन प्रेक्षकांचीही दांडी गुल.

‘इंग्लिश विंग्लिश’ तुला सगळ्यांनी सुचवला असेल. गोड आहे. पण त्यातली शशी चार दिवसांची पाहुणी. भाचीचं लग्न आटोपलं की ती परत पुण्याला. तुला तिथे नांदायचंय.

म्हणून माझं मत मीरा नायर यांच्या ‘द नेमसेक’ला (२००६). कोलकात्याहून न्यूयॉर्कला गेलेली अशिमा, म्हणजे तब्बू, तिथल्या नाश्त्याच्या कुरमुऱ्यासारख्या सीरियलमध्ये शेंगदाणे आणि तिखट कालवून खाते. भडंगाच्या गावच्या पोरीला याहून जास्त काय सांगू! पुढे तिच्या हातून धुताना नवऱ्याचे स्वेटर आटतात, तो चिडतो, ती बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडते. मग तो दाराबाहेर उभा राहून तिची समजूत काढतो. हा प्रसंग एकटीने बघू नकोस. तुझ्या एवढ्या पत्रात नवरा येतो तो फक्त सल्ला द्यायला. तू रडतेस हे त्याला ठाऊक तरी आहे का? सिनेमा संपला की टीव्ही बंद कर आणि सांग त्याला.

मालिका सोडू नकोस, संध्याकाळवर ढकल. सकाळी फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे तिथल्या प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षण केंद्राचा, भाषावर्ग लाव. सिनेमाने भाषा येते, पण फार सावकाश.

आणि हो, दरवर्षी जुलैच्या सुमारास तुमच्या शहरात भारतीय सिनेमांचा महोत्सव भरतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, हे ठाऊक होतं का? महोत्सवात जर्मन माणसं सबटायटल वाचत आपले सिनेमे बघतात. खेळ सुटल्यावर कुणी काही विचारलं, तर तिथे जाणकार तू असशील. मोडक्या जर्मनमध्ये सांगितलंस तरी ऐकतील.