हॉट योगानंतर डोकं ठणकतं, मळमळतं: नागपूरच्या उन्हाळ्यात हे चालू ठेवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलपासून हॉट योगाचा, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत आसनं करायचा, वर्ग लावलाय. दिवसभर हिंगणा एमआयडीसीत काम करून संध्याकाळी बाइकवरून थेट वर्गाला जाता. वर्ग संपला की डोकं ठणकतं, मळमळतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात त्राण राहत नाही. वर्गाआधी आणि मध्ये मिळून दोन लिटर पाणी पिता, तरी फरक नाही. शिकवणारे म्हणतात की शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, होईल सवय. चालू ठेवावं की सोडावं?

सध्या थांबवा. निदान आठवडाभर त्या खोलीत जाऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं ऐकून आपल्याकडची कोणतीही आजी म्हणाली असती, "ऊन लागलं याला." आणि तिचं बरोबर असतं. ऊन लागायला डोक्यावर सूर्य असावाच लागतो असं नाही, बंद खोलीत रात्री आठ वाजताही ते लागतं.

मी योग शिकवते. सकाळी बागेतला वर्ग घेते, आणि काही काळ तापवलेल्या खोलीतले वर्गही घेतलेत. त्यामुळे समोर उभं राहिल्यावर कोणाचा चेहरा कधी पांढरा पडतो ते पाहिलेलं आहे. मी डॉक्टर नाही. पण एवढं ठामपणे सांगते की तुमचा त्रास अंगवळणी पाडून घ्यायचा नाही.

हॉट योगा जगभर पसरवला तो मूळच्या कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी. 26 आसनं, 90 मिनिटं, खोलीचं तापमान 40 अंशांच्या थोडं वर आणि आर्द्रता 40 टक्के, असा त्यांचा ठरलेला साचा. हिटर लावलेली प्रत्येक खोली तो पाळते असं नाही. कुठे तापमान कमी असतं, कुठे लोकांच्या श्वासानं आणि घामानं दमटपणा बराच जास्त होतो. खरा घोळ या दमटपणाचाच आहे. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश. हवा त्याहून गरम असली की शरीरातली उष्णता बाहेर जात नाही, उलट हवेतली आत येते. अशा वेळी शरीराला गार व्हायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम अंगावर सुकणं. नागपूरकराला हे कूलरवरून लगेच कळेल. मे महिन्यात जो कूलर खोली गारेगार करतो, तोच जुलैत नुसतं चिकट वारं फेकतो, कारण हवेत आधीच ओल असली की पाणी उडत नाही. दमट खोलीत तुमच्या घामाचं हेच होतं. मॅटवर टपटप गळलेला घाम तुम्हाला काडीचा गारवा देत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता मात्र अंगातच राहिली.

त्यात भर म्हणून उष्णता बाहेर टाकायला शरीर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करतं. रक्त तिकडे वळतं, घामामुळे रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि तुम्ही पादहस्तासनातून (उभ्यानं पुढे वाकून हात पायांशी नेणं) वर येता किंवा उष्ट्रासन (गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकणं) सोडता. त्या क्षणी मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी, पोटात ढवळणं. उष्ट्रासनानंतर मळमळ होणारे लोक मी सर्वांत जास्त पाहिलेत. शिकवणाऱ्यानं तेव्हा "खाली झोपा, पाय वर घ्या" म्हणायला हवं. "सहन करा, मनाचा खेळ आहे" म्हणायला नको.

विषारी द्रव्यांचं बोलणं पूर्ण सोडून द्या. घामात पाणी असतं, मीठ असतं आणि इतर गोष्टी अगदी किरकोळ प्रमाणात असतात. शरीरातला नको तो माल काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि पाणी आटलं की मूत्रपिंडांचं काम उलट अवघड होतं. हे वाक्य मला फार खटकतं, कारण ते ऐकून माणूस धोक्याच्या खुणेला प्रगतीची खूण समजतो आणि खोलीतच थांबतो.

आता तुमच्या दोन लिटर पाण्याबद्दल. लिटरभर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, काहींचं बरंच जास्त. (काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही त्या "काहीं"पैकी आहात.) भरून काढताना नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी, मळमळ, थकवा हीच. म्हणजे पाणी कमी पडलं तरी तेच, जास्त झालं तरी तेच. ओळखायचं कसं? पुढे कधी वर्गाला गेलात तर जाण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी भरून निघालेलं नाही. सत्तर किलोच्या माणसाचं वजन 1.4 किलोनं, म्हणजे दोन टक्क्यांनी उतरलं की त्रास सुरू होणं स्वाभाविक आहे. उलट वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालात.

जेवढं गेलं त्याच्या सव्वा ते दीड पट पुढच्या तीन-चार तासांत घोट घोट परत घ्या, आणि त्यात मीठ असू द्या. सर्वांत सोपं म्हणजे ओआरएसचं पाकीट. ते मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं भुकटीचंच घ्या; फळांच्या चवीचे गोड डबे घेऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. यापेक्षा जास्त मीठ घालू नका. मीठ घातलेलं ताक, मीठ-जिऱ्याचं पन्हं, लिंबाचं सरबत हे सगळं चालतं. नारळपाणी चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि वर्ग सुटल्यावर मित्रांबरोबर तर्री पोहे खायची सवय असेल तर मळमळ पूर्ण जाईपर्यंत तर्री नको, ताक-भात किंवा साधी खिचडी बरी.

त्रास सुरू होताच काय करायचं, तर आधी खोलीबाहेर या. वर्ग संपायची वाट पाहू नका. पंख्याखाली आडवे व्हा, पाय उशीवर किंवा भिंतीला टेकून वर घ्या, मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटायला हवं. चक्कर पूर्ण थांबल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नका; वर्धा रोडवर ऐन गर्दीत अंधारी आली तर काय होईल ते सांगायला नको. घरच्यांना फोन करा, नाहीतर ऑटोनं जा. डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, पाणी आटलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात. त्या दिवशी दारूही नको. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, किंवा ती चहासारखी काळपट झाली, तर डॉक्टरांकडे जा. उन्हाळी लागली म्हणून सब्जा पिऊन वाट पाहण्याची ती वेळ नसते.

याहून गंभीर काय ते तुम्हाला आणि तुमच्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडचिडला, झोकांड्या देऊ लागला, बेशुद्ध पडला किंवा त्याला फिट आली, तर तो उष्माघात समजायचा. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदूवर असा परिणाम होतो. आपल्याकडे एक समज पक्का आहे की उष्माघातात अंग कोरडं पडतं. उन्हात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा तसं दिसतं, पण व्यायाम करताना उष्माघात झालेल्या माणसाचं अंग घामानं निथळत असू शकतं. घाम येतोय म्हणजे ठीक आहे, असं समजू नका. 108 ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. तिथंच भरपूर गार पाणी ओता, बर्फ लावा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट दिसते. वर्ग संध्याकाळी सुरू होतो, पण तुमच्या शरीराचा उष्णतेचा हिशेब सकाळीच सुरू झालेला असतो. पत्र्याच्या शेडखालचं काम, मग 43-44 अंशांत हिंगण्याहून बाइक, डोक्याला दुपट्टा, वर हेल्मेट. वर्गाला पोचता तेव्हाच तुमच्यात पाणी कमी असतं. तिथे पुन्हा तापलेली खोली. रात्री घरीही भिंती तापलेल्या, झोप धड नाही. शरीराला थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून थकवा दुसऱ्या दुपारपर्यंत टिकतो. आपण नागपूरकर, आपल्याला काय होतंय, हा अभिमान मला कळतो. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश काढलेलं शहर आहे हे. पण त्याच शहरात दर उन्हाळ्यात उष्माघाताचे रुग्ण भरती होतात. शरीराला उष्णतेची सवय होते हे खरं आहे. त्याला रोज थोडं थोडं वाढवत एक ते दोन आठवडे लागतात आणि खंड पडला की ती उतरते. आठवड्यातून दोनदा एकदम पूर्ण वर्ग केल्यानं ती होत नाही. शिवाय सवय झालेल्या शरीराला घाम जास्त येतो, म्हणजे पाणी-मीठ आणखी लागतं.

मग एवढं सगळं करून उष्णतेतून मिळतं काय? 2018 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी बिक्रम पद्धतीचीच आसनं एका गटाला तापवलेल्या आणि दुसऱ्याला साध्या खोलीत 12 आठवडे करायला लावली. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली, उष्णतेनं वेगळी भर घातली नाही. माझा अनुभवही हाच सांगतो. गरम खोलीत हात जमिनीला लवकर टेकतात, पण तापलेला स्नायू आणि सांधा आपली मर्यादा वेळेवर सांगत नाही, आणि मांडीच्या मागची शीर ओढली गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं.

काही लोकांनी तर हा प्रकार करूच नये. गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, लिथियम, काही मानसोपचाराची औषधं घेणारे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप, जुलाब किंवा निर्जळी उपवास असेल त्या दिवशी कोणीच नाही. आणि विदर्भातल्या माणसाला मी एक प्रश्न आवर्जून विचारते: घरात कोणाला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे का? आपल्याकडे त्याचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातलं पाणी आटल्यावर वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि नुसता वाहक असलेल्यालाही कडक उष्णतेत अतिश्रम झाले तर धोका असतो. बरेच वाहक स्वतःला पूर्ण निरोगी समजत असतात. तपासणी झाली नसेल तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत करून घ्या.

योग सोडू नका, फक्त खोली बदला. पावसाळा संपेपर्यंत सकाळी साडेपाच-सहाला मोकळ्या हवेत करा. रामनगरच्या जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळानं नागपुरात विनामूल्य योगवर्गांची परंपराच घातली आहे, घराजवळ एखादा वर्ग सापडेल. अंबाझरी किंवा तेलंगखेडीच्या बाजूला पहाटे बरी हवा असते. तरीही गरम खोलीतला वर्ग आवडत असेल तर डिसेंबर-जानेवारीत परत जा. पहिले काही दिवस वीस मिनिटं, मग अर्धा तास, असं वाढवत न्या. दोन तास आधी हलकं खा, अर्धा लिटर पाणी प्या, आणि कपालभाती-भस्त्रिका गरम खोलीत जोरात करू नका, त्यानंही गरगरतं.

पहिल्याच दिवशी दाराजवळची जागा मागा आणि मध्ये बाहेर जायचं झालं तर चालेल का, ते आधी विचारून घ्या. "वर्ग संपेपर्यंत दार उघडायचं नाही" असं उत्तर मिळालं, तर फी भरलेली असली तरी तिथे जाऊ नका.