आठ डिस्क, पाच गिऱ्हाइकं आणि यात्रा

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर. हातात २६,५०० रुपये पगार येतो. घरी १२,०००, बाइकचा हप्ता ३,२००, भिशी ३,००० आणि पेट्रोल-चहापाण्याचे चारएक हजार गेले की ४,३०० उरतात. शिल्लक १६,००० आणि यंदाचा दिवाळी बोनस ३४,०००, म्हणजे हाताशी बरोबर पन्नास हजार. आईचे दागिने पतपेढीत तारण आहेत. कर्ज ६०,०००, व्याज १२ टक्के, आणि सध्या नुसतं व्याजच भरणं चाललंय.

त्यांच्याकडे कोल्हापुरात जुना घेतलेला पीएस४ आहे, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. जपानी रोबोंचे डावपेचाचे गेम हा त्यांचा जीव की प्राण. हे गेम हाँगकाँग, सिंगापूरकडे इंग्रजी मजकुरासह डिस्कवर निघतात, इथल्या दुकानात मिळत नाहीत. त्यांचा बेत असा: तीन गेम स्वतःसाठी आणि त्यातल्याच एका गेमच्या पाच जादा प्रती, अशा आठ डिस्क बाहेरून मागवायच्या. प्रत्येकी ५० डॉलर. पाच प्रती कोल्हापूर आणि गोव्यातल्या शौकिनांना ६,५०० ला विकायच्या. ‘डॉलर ९० रुपये धरला तर ३६,००० चा माल, ३२,५०० ची विक्री, म्हणजे माझे तीन गेम साडेतीन हजारांत पडतात. सर, हा खर्च आहे की गुंतवणूक?’ असा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, ‘एप्रिलमध्ये गावात लक्ष्मीची यात्रा आहे, तेव्हा सिंगापूरचा मामेभाऊही येणार आहे.’

माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात महागडी ओळ ही शेवटची आहे. तिच्याकडे नंतर येतो.

आधी गेमचं बघू, कारण ही आवड निव्वळ खुळ नाही. ‘सुपर रोबोट वॉर्स’ मालिकेचे व्ही, एक्स आणि टी हे भाग २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत एकामागून एक आले. इंग्रजीत ते निघाले ते आग्नेय आशियासाठी, अमेरिका-युरोपच्या दुकानांत आलेच नाहीत. एकेका गेममध्ये डझनभर मालिकांमधले रोबो, आणि त्यांचे हक्क वेगवेगळ्या मालकांकडे. जगभर विकायचं म्हटलं की एवढ्या सगळ्यांची परवानगी आली. आवाज जपानी, खालचा मजकूर इंग्रजी. वाचल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, म्हणून इंग्रजी पाहिजेच. घरात मराठी, घराचा उतारा कन्नडमध्ये आणि करमणूक इंग्रजीत, हा आपल्या भागातल्या पोरांचा रोजचा व्यवहार आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण याच मालिकेतली पुढची गोष्ट ध्यानात घ्या. २०२१ साली ‘३०’ हा भाग आला आणि तो संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात जगभर एकदमच विकायला ठेवला गेला. इंग्रजीसाठी आशियाई डिस्कच्या मागे धावायची गरज त्या भागापुरती, संगणक असणाऱ्यांना तरी, त्या दिवशी संपली. दुर्मिळपणा हा मालात नसतो, तो मालकाच्या धोरणात असतो. मालकानं मनावर घेतलं तर तो एका दिवसात जातो. तुमच्या ‘गुंतवणुकी’चा पाया हा असा आहे. सोन्याची खाण कुणी डाउनलोडला ठेवत नाही.

आता हिशेब. तुमच्या ३६,००० मध्ये नुसता माल आहे, तो बेळगावात पोचलेला नाही. आठ डिस्कांचा कुरिअरखर्च ४० डॉलर धरू, म्हणजे ३,६००. झाले ३९,६००. परकीय चलनात कार्ड घासलं की बरीच कार्डं साडेतीन टक्के लावतात, आणि त्या आकारावर वर १८ टक्के जीएसटी. ते झाले १,६३५. पैसे भरताना दुकान ‘रुपयांत भरा’ म्हणून विचारेल. सोयीचं वाटतं, पण तिथं विनिमयदर त्यांचा असतो, तेव्हा डॉलरच निवडा. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावा लागेल, कारण मार्च २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरापुरतीच चालू होऊन येतात.

मग सीमाशुल्क. ते नुसत्या मालावर नाही, माल अधिक वाहतूक अधिक विमा अशा किमतीवर लागतं. आधी मूळ शुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. करावर कर बसतो तो असा. हे दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून असल्या कामात मी डोळे झाकून चाळीस टक्के धरतो. कमी लागलं तर पोराला आइस्क्रीम. चाळीस टक्क्यांनी १५,८४० झाले. शिवाय शुल्क तुमच्यातर्फे भरलं म्हणून कुरिअरवाला आपला आकार लावतो, तो सातशे धरा.

एकूण ५७,७७५. तुमच्याकडे पन्नास हजार आहेत. म्हणजे गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच तुम्ही पावणेआठ हजारांनी उघडे. एक डिस्क ७,२२२ ला पडली आणि तुम्ही ती विकणार ६,५०० ला. पाचही विकल्या गेल्या तरी तुमचे तीन गेम साडेतीन हजारांत नाही, २५,२७५ ला पडतात. पतपेढीच्या कर्जाचं साडेतीन वर्षांचं व्याज म्हणा ना.

शिवाय ६,५०० हा भाव आला कुठून? तुम्ही लिहिलंय की ग्रुपवर बघितला. तो मागितलेला भाव आहे. विकला गेलेला भाव वेगळा असतो, हे खानापूरच्या माणसाला काजूच्या हंगामात वेगळं सांगायला नको.

‘गिफ्ट म्हणून पाठवायला सांगतो, किंमत कमी लिहितील’ असं तुम्ही कंसात लिहिलंय. तो कंस खोडा. पोस्ट-कुरिअरनं येणाऱ्या पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेतली. विकत घेतलेल्या मालाला भेट म्हणणं ही खोटी घोषणा होते, आणि पार्सल सोडवताना कागद तुमच्या नावावर असतात, दुकानदाराच्या नाही.

विकायचं म्हटलं तर प्रकरण आणखी सरकतं. एकाच गेमच्या सहा डिस्क बघून हा वैयक्तिक वापराचा माल आहे असं कोणता अधिकारी मानेल? व्यापारासाठी आयात करायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक लागतो. तो पाचशे रुपयांत निघतो, तिथं अडत नाही. अडतं ते आपल्या भूगोलापाशी. वस्तूंच्या धंद्याला कर्नाटकात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल आणि ते बरोबरही आहे. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. कोगनोळीचा नाका ओलांडून माल कोल्हापूरला गेला, की चोर्ला घाट उतरून पणजीला गेला, की तो आंतरराज्य पुरवठा. धंदा म्हणून तसं विकायचं तर पहिल्या विक्रीपासून नोंदणी हवी, उलाढाल कितीही लहान असो. आपल्याला कोल्हापूर म्हणजे घरचं अंगण वाटतं, लग्नं तिकडं, दवाखाना तिकडं, चप्पलही तिकडची. जीएसटीच्या पोर्टलला ते परराज्य दिसतं. हुबळीत पाच गिऱ्हाइकं असती तर ही कटकट नव्हती, पण तुमची सगळी गिऱ्हाइकं नेमकी रेषेपलीकडची.

स्वतः खेळून झालेला एखादा गेम मित्राला विकणं हा धंदा नव्हे. तो खुशाल विका.

आता डिस्कविषयी थोडं, कारण इथं पैसे नुसते बुडतात. माझ्या भाच्यानं मागं एक गेम मागवला होता. तीन आठवड्यांनी पार्सल आलं. खोक्याचा कोपरा चेपलेला, वर शुल्काचं लेबल, आत कोरी करकरीत डिस्क. लावली तर पडद्यावर सगळं चिनी. सेटिंगमध्ये भाषा शोधत रात्रीचे अकरा वाजले, पण इंग्रजी सापडेना, कारण डिस्कवर ती नव्हतीच. दुकानाच्या पानावर ‘आशियाई आवृत्ती’ एवढं लिहिलेलं आणि त्यानं ते ‘इंग्रजी’ असं वाचलं. काही गेमच्या चिनी आणि इंग्रजी आवृत्त्या वेगवेगळ्या डिस्कवर येतात, काहींमध्ये एकाच डिस्कवर दोन्ही असतात. उलट, मुखपृष्ठावर चिनी अक्षरं असूनही आत इंग्रजी असू शकतं. बघायचं ते पाठीमागच्या भाषेच्या चौकटीत. परत पाठवायचा खर्च डिस्कच्या निम्म्यावर गेला असता, म्हणून ती अजून त्याच्या कपाटात आहे.

तुमच्या पीएस४ ला डिस्क कुठल्याही देशाची चालते, त्याची काळजी नाही. पण जादा भाग, म्हणजे डीएलसी, घ्यायचे असतील तर ते डिस्कच्या प्रदेशाशी जुळावे लागतात. आशियाई डिस्क असली आणि तुमचं खातं भारतातलं, तर भारतीय दुकानातून विकत घेतलेला जादा भाग तिला लागू होईलच असं नाही. मग सिंगापूर किंवा हाँगकाँगचं वेगळं खातं, त्यासाठी तिथलं गिफ्ट कार्ड, असा फेरा सुरू होतो. मला विचाराल तर डीएलसीच्या वाटेलाच जाऊ नका. आणि उद्या पीएस५ वर जायचा विचार असेल तर डिस्कची खाच असलेलाच घ्या. डिजिटल आवृत्तीत या तीन डिस्क म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या.

हे सगळं झाल्यावर यात्रा. बेळगाव भागाबाहेरच्या वाचकांना सांगतो, आमच्याकडे गावची महालक्ष्मी यात्रा दरसाल नसते, कित्येक वर्षांनी येते आणि येते तेव्हा घर खाऊन जाते. आधी रंगरंगोटी, मग वर्गणी, माहेरवाशिणींना साड्या, आणि जेवणाच्या दिवशी तुम्ही बोलावलेले शंभर तर येतात ते दोनशे. मटणाचा भाव त्या आठवड्यात विचारायचा नसतो. तुम्ही ही गोष्ट एका ओळीत लिहिलीत, खर्चाचा आकडाही लिहिला नाहीत. माझ्याकडे यात्रेनंतर मे महिन्यात येणारी माणसं मी बघतो, निम्म्यांनी त्यासाठी सोनं ठेवलेलं असतं. तुमचं सोनं तर आधीच आत आहे. दुसऱ्यांदा ठेवायला काय उरलंय?

म्हणून माझा सल्ला असा. आयातीचा धंदा नको. पन्नासपैकी सोळा हजारांना हात लावायचा नाही. बोनसमधले वीस हजार पतपेढीत मुद्दलापोटी भरा. महिन्याचं सहाशे व्याज चारशेवर येईल, वर्षाला २,४०० वाचतील. बारा टक्के खात्रीनं देणारी दुसरी जागा मला माहीत नाही, असती तर मीच आधी गेलो असतो. पाच हजार शिल्लकीत टाका. भिशी दहाजणांची आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तुमचा नंबर मार्चमध्ये घ्या. चिठ्ठीनं निघत असेल तर कुणाशी तरी बदलून घ्या. ते तीस हजार यात्रेचे. दर महिन्याला उरणारे ४,३०० सोळा हजारांच्या शेजारी साठू द्या.

राहिले नऊ हजार. ते गेमचे. होय की, दिवाळीला माणसानं स्वतःसाठी काही घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण आत्ता नाही, एप्रिलमध्ये. मामेभाऊ यात्रेला येणारच आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला वैयक्तिक सामानातून ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तू शुल्क न भरता आणता येतात आणि दोन डिस्क त्यात आरामात बसतात. कुरिअर नाही, कार्डाचा आकार नाही, चाळीस टक्के नाही. सिंगापूरच्या किमतीत तिथला ९ टक्के जीएसटी असतो, तेवढा सोसा. हीच जोडी घरबसल्या मागवली असती तर पंधरा-सोळा हजारांच्या खाली आली नसती. तिसरा गेम पुढच्या खेपेला. तशीही ही एकेक मोहीम पन्नास-साठ तास चालते, आणि तुम्ही पाळीत काम करता.

त्याला पाच जादा डिस्का आणायला मात्र सांगू नका. विमानतळावर उत्तर त्याला द्यावं लागेल. दुकानात उभा राहिला की खोक्याच्या पाठीचा फोटो पाठवायला सांगा, भाषेची चौकट वाचा आणि मगच ‘घे’ म्हणा. पैसे त्याच्या इथल्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या इथल्या रुपयांच्या खात्यात भरा. ‘राहू दे रे’ म्हणेल, तरी भरा.

पतपेढीत उद्याच गेलात तर बरं. वीस हजार भरताना पावतीवर ‘मुद्दलात जमा’ असं लिहून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यांचं व्याज आगाऊ भरलं म्हणून लावून टाकतील. आणि एवढ्या मुद्दलाच्या बदल्यात एखादा डाग सोडवून मिळतो का, ते विचारा. काही पतपेढ्या देतात. मिळाला तर यात्रेत आईच्या अंगावर दिसेल.