आडवी बाटली, उभी बाटली

चि. ओवी,

गावाकडच्या बातमीत मतपत्रिकेवर बाटलीची दोन चित्रं पाहून तू विचारलंस, हे कसलं मतदान, आणि सगळे ग्रामसभेत बसून हात वर करून का ठरवत नाहीत?

उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. चित्रं असल्यामुळे अक्षरओळख नसलेली आजीही कुणाला न विचारता मत देते. महाराष्ट्रात परवाना असलेलं दुकान गावातल्या बायकांच्या मागणीवरून बंद करता येतं, त्याची ही पद्धत.

आधी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निदान 25 टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी सह्यांची पडताळणी करतात आणि पुष्कळदा इथेच गाडं अडतं. यादीत एक नाव, सही दुसऱ्या नावाने. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत. म्हणून मतदारयादी समोर ठेवून, अनुक्रमांक लिहून सह्या घ्याव्यात आणि काही बाद होतील हे धरून जास्तच घ्याव्यात. सह्या जुळल्या की गुप्त मतदान.

खरी मेख पुढे आहे. पडलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समज, यादीत 800 बायका आहेत. 500 आल्या, 390 जणींनी आडवी बाटली निवडली. तरी दुकान चालूच राहतं, कारण 401 हव्या होत्या. घरी बसलेली, ऊसतोडीला गेलेली, वारली पण नाव तसंच राहिलेली, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते. त्यामुळे यादी आधीच दुरुस्त करून घेणं आणि घरोघरी जाऊन बोलणं यातच बरीचशी लढाई असते.

हात वर करून का नाही? सभेत दुकानदाराच्या घरची बाई शेजारी बसलेली असते, मागे सासरे आणि नवरा. तिथे वर गेलेला हात घरी गेल्यावर महागात पडू शकतो. गुप्त मत म्हणूनच हवं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

विरोध करणारा प्रत्येक जण दारुडाच असतो, असं मात्र समजू नकोस. दुकान गेलं की हातभट्टी वाढेल, ही भीती खरी आहे. हातभट्टीला परवानाच नसतो, त्यामुळे ती मतदानाने बंद होत नाही. तिथे पोलिसांकडे किंवा उत्पादन शुल्क विभागाकडेच जावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली, 2021 मध्ये ती उठवली, आणि दोन्ही वेळी लोकांत दोन तट होते. घरोघरी बोलताना या शंकेला उत्तर द्यावं लागतं. ती उडवून लावली तर बायका मतदानालाच येत नाहीत.

दुसरी रीतही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवतात, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात बसून समजून घेतात. त्याला वेळ लागतो, आणि दोन-चार हजार मतदारांच्या गावात ते जमवणं कठीण. पण तिथला निर्णय सगळ्यांचा असतो, म्हणून तो पाळून घ्यायला वेगळा पहारा फारसा लागत नाही.

तुझी,
आई