छातीतल्या जठराचा आलेख घेताना

अन्ननलिका काढून जठराची नळी छातीत ओढलेल्या पेशंटचा इलेक्ट्रोगॅस्ट्रोग्राम (त्वचेवर इलेक्ट्रोड लावून घेतलेला जठराच्या विद्युत लहरींचा आलेख) तू पहिल्यांदाच घेणार आहेस, म्हणून सांगते. सवयीने इलेक्ट्रोड पोटावर लावू नकोस. जठर आता तिथे नाही! आधी सीटी बघ, नळी कुठून वर नेली ते सर्जनना विचार, मग जागा ठरव. छातीवर हृदय आणि श्वास दोन्ही सिग्नलमध्ये घुसतात. जठराची लय मिनिटाला साधारण ३ लहरींची, श्वास त्याहून बराच जलद. म्हणून श्वासाची नोंद सोबत घेच. ऑपरेशनमध्ये व्हेगस नस (मेंदूकडून जठराकडे येणारा मज्जातंतू) कापलेली असल्याने लय बिघडलेली दिसू शकते, पण आधी पेशंट हलला किंवा बोलला नाही ना, ते तपास. लहरींची उंची दोन पेशंटमध्ये ताडून बघण्यात अर्थ नाही. एकाच पेशंटची खाण्याआधीची आणि नंतरची बघ.

उपाशी आहात का, हे दोनदा विचार. पहाटेच्या कसारा लोकलने परळला आलेला माणूस दादरला चहा घेतो आणि चहाला खाणं मानत नाही. मॉर्फिनसारखी, जठर मंदावणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना कळव, स्वतः बंद करू नकोस.

आणि पेशंटला सपाट झोपवू नकोस. खाल्लेलं घशाशी येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोक्याकडची बाजू उचललेलीच ठेव.