मीटर १९ दाखवतो, मग तोंड का आकसलं?

प्रश्न : नमस्कार ताई, आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. यंदा छाटणी लवकर उरकली म्हणून दिवाळीत सगळे कुल्लूला गेलो, तिथे एका बागेत पर्सिमन खायला मिळालं, तिकडे जपानी फळ म्हणतात. चपटं फुयू आणि लांबट टोकदार हाचिया, दोन्ही झाडावरून तोडून दिले. फुयू मस्त कुरकुरीत गोड लागलं, पण हाचियाचा एक घास घेतला आणि तोंड असं आकसलं की पुढे फुयूपण बेचव लागायला लागलं. माझ्याकडे रसाचा गोडवा बघायचा ब्रिक्स मीटर होता, तर हाचिया १९ आणि फुयू १६! बायको म्हणते बागवाल्याने कच्चा माल दिला. हाचियाची पेटी घरी आणलीय, टाकून देऊ का?

उत्तर : दादा, अजिबात टाकू नका, बागवाल्याने फसवलंही नाहीये. तुम्ही मीटर लावलात ते वाचून फार आनंद झाला, कारण नाशिकचा द्राक्षवालाच हे करू शकतो, आणि नेमका तिथेच गोंधळ झालाय. द्राक्षात ब्रिक्स चढला की चव आली असं आपण धरतो, पण मीटर रसात विरघळलेला सगळाच माल मोजतो, त्यात साखर आली तसं टॅनिनपण, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्यपण आलं. हाचियात साखर भरपूर असतेच, फक्त फळ टणक असेपर्यंत टॅनिन विरघळलेलं राहतं, ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि जीभ खरखरीत होते, कच्चा चिकू खाल्ल्यावर होते ना तशीच. पुढे फळ मऊ पडलं की हेच टॅनिन न विरघळणारं होतं, फळातच असतं पण जिभेला लागत नाही. फुयूचं टॅनिन झाडावरच, फळ टणक असतानाच निवतं, म्हणून ते सफरचंदासारखं कापून खाता येतं. आपली टेंभुर्णी, जिच्या पानांच्या सिन्नरला बिड्या वळतात, ती याच वंशातली, आणि तिचं कच्चं फळ असंच तुरट.

म्हणजे तुमची तुलनाच बरोबरीची नव्हती, एक खायला तयार आणि दुसरं अजून आठवडाभर लांब. आणि चाखायचा क्रमही महत्त्वाचा हो, तुरट फळ नेहमी शेवटी, कारण टॅनिन एकदा जिभेवर बसलं की पुढचं सगळं फिकं लागतं. नुसत्या पाण्याने ते लवकर जात नाही, घोटभर दूध घेतलं तर जरा सुटतं.

आता पेटीचं सांगते. हाचिया देठ खाली करून एका थरात ठेवा, सोबत दोन-तीन पिकलेली केळी, वरून कागद, केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने ते लवकर पिकतं. रोज हळूच दाबून बघा, घाई नको, थोडं मऊ झालं म्हणून कापू नका, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत झालं, साल जवळजवळ पारदर्शक दिसायला लागली की मगच चमच्याने खा. आतून जेलीसारखं, मधासारखं गोड निघतं, मला तर फुयूपेक्षा हेच आवडतं. फारच धीर नसेल तर एखादं फळ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वितळू द्या, तुरटपणा बराच उतरतो, पण खरा स्वाद हळू पिकलेल्यालाच.

एक मात्र कळकळीने सांगते, कच्चं तुरट फळ, त्यातून उपाशीपोटी, मुलांना देऊ नका. ते टॅनिन पोटातल्या आम्लात गोळा होऊन बसतं, घट्ट गाठ होऊ शकते, आणि मग दवाखाना गाठावा लागतो.

सगळी मऊ झाली की वहिनींना पहिलं फळ द्या, आणि त्याला पुन्हा मीटर लावून आकडा मला नक्की कळवा.